फोटोला पेंटिंगचा लुक हवाय, तर आधी थोडं पुसा

फोटोला पेंटिंगसारखं कसं करायचं यावर या महिन्यात इतके प्रश्न आलेत की सगळा कॉलम त्यालाच देतेय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, तेव्हा तुमचं गाव दिसलं नाही तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं असेल.

प्रश्न (रत्नागिरी): ताई, गावच्या घराचा फोटो मोबाईलवर काढलाय. जांभ्याचं घर, कौलं, मागे माड, पुढे खळं. फोटोशॉपमध्ये ऑइल पेंट फिल्टर लावला तर आधी काहीच फरक दिसत नाही आणि स्लायडर पुढे नेले की सगळं प्लास्टिकचं वाटायला लागतं, भिंतीवर वळवळणाऱ्या रेषा येतात. व्हिडिओत बघतो तर लोकांचं एका क्लिकमध्ये मस्त येतं. माझं काय चुकतंय?

उत्तर: दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली साइजची. फिल्टरचा ब्रश पिक्सेलमध्ये मोजला जातो, इंचात नाही. तुमचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असेल आणि व्हिडिओवाल्याचा १२०० चा असेल तर तोच स्लायडर त्याच्या फोटोत जाड फटकारा देतो आणि तुमच्यात बारीक खरखर, जी झूम केल्याशिवाय दिसतच नाही. म्हणून फोटोची कॉपी करून ती लांब बाजूने २००० च्या आसपास आणा, फिल्टर त्यावर लावा, आणि प्रिंटसाठी मोठं करायचं असेल तर नंतर करा. पेंट केलेला फोटो मोठा करताना फारसं बिघडत नाही, कारण त्यात बारीक डिटेल उरलेलंच नसतं.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. फिल्टरला घर, माड, कौल यातलं काही कळत नाही, त्याला फक्त शेजारी-शेजारी असलेले पिक्सेल कळतात. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमधला ऑइलिफाय फिल्टर घ्या. तो प्रत्येक पिक्सेलभोवती एक वर्तुळ घेतो, त्यात कोणता उजेड सगळ्यात जास्त वेळा येतो ते मोजतो आणि तोच रंग तिथं भरतो. दुसरा प्रसिद्ध प्रकार कुवाहारा फिल्टर. हा १९७६ मध्ये जपानी संशोधकांनी हृदयाच्या वैद्यकीय इमेजेस स्वच्छ दिसाव्यात म्हणून काढला होता, चित्रकलेशी त्याचा काही संबंध नव्हता! तो पिक्सेलभोवती चार चौकोन बघतो, ज्या चौकोनात रंगांची चढउतार सगळ्यात कमी त्याची सरासरी उचलतो. त्यामुळे कडा शाबूत राहतात, मधला भाग सपाट होतो, आणि डोळ्याला तो ब्रशचा फटकारा वाटतो. मोबाईलच्या फोटोत काय असतं तर खडबडीत चिरा, पानापानाची कड, सावलीतला नॉइज म्हणजे दाणेदारपणा, वर मोबाईलने स्वतःहून केलेलं शार्पनिंग. फिल्टर बिचारा त्या सगळ्याला कड समजतो आणि त्याच तुमच्या वळवळणाऱ्या रेषा.

तेव्हा फिल्टरच्या आधी पुसापुशी करा. चित्रकार खळ्यात बसला असता तर त्याने विजेच्या तारा रंगवल्याच नसत्या, डिश अँटेना सोडून दिली असती, कौलं दहा-बाराच नीट दाखवून बाकीचं छप्पर एका रंगात ओढलं असतं. तेच तुम्ही करायचं. तारा, बादली, वाळत घातलेले टॉवेल क्लोन स्टॅम्पने (शेजारचा भाग उचलून वर छापणारं टूल) पुसून टाका (टॉवेल सुंदर दिसत असतील तर ठेवा, तो तुमचा निर्णय). मग फोटोशॉपमध्ये सरफेस ब्लर किंवा गिंपमध्ये सिलेक्टिव्ह गॉशियन ब्लर द्या, म्हणजे कडा राहतात आणि खरखर जाते. मोबाईलच्या फोटोत सावल्या फार काळ्या येतात, त्या थोड्या उजळा आणि कलर बॅलन्समधून त्यात किंचित निळा घाला. उन्हातल्या घराच्या सावलीत आकाशाचा निळा असतोच, चित्रकार तो दाखवतो. एवढं झाल्यावर फोटो फिल्टर न लावताच अर्धा चित्रासारखा दिसायला लागेल.

आता लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. त्याच फोटोच्या दोन कॉप्या करा. खालच्या कॉपीवर मोठा ब्रश, म्हणजे ऑइल पेंटमध्ये स्केल आणि स्टायलायझेशन वाढवलेलं. वरच्या कॉपीवर बारीक ब्रश, आणि तिला काळा मास्क लावून (मास्कमध्ये काळं म्हणजे झाकलेलं, पांढरं म्हणजे दिसणारं) फक्त जिथं नजर जायला हवी तिथं पांढऱ्याने उघडा. तुमच्या फोटोत ते म्हणजे दार, उंबरा, तुळशीवृंदावन असेल तर ते. माड आणि आकाश मोठ्या ब्रशवरच राहू देत. तैलरंगात काम करणारे आधी मोठ्या ब्रशने सगळं बसवून घेतात आणि शेवटी मोजक्या ठिकाणी बारीक काम करतात, तोच क्रम आहे हा. लायटिंगचा टिक सुरुवातीला काढूनच टाका, प्लास्टिकपणा येतो तो बहुतेक त्या शाइनमुळे. शेवटी वाटलं तर अगदी थोडा द्या. आणि एक, फिल्टर जास्त झाला म्हणून लेयरची ऑपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के करू नका, त्याने खालचा फोटो वर डोकावतो आणि ना फोटो ना चित्र असं होतं. ब्रश लहान करा किंवा मास्क वापरा.

प्रश्न (अकोला): फिल्टर गॅलरी ग्रे दिसते, क्लिकच होत नाही. सॉफ्टवेअर खराब आहे का?

उत्तर: नाही. तुमची फाइल बहुतेक १६ बिटमध्ये किंवा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या रंगांचा मोड) आहे. इमेज मेनूत मोडमध्ये जाऊन आरजीबी आणि ८ बिट करा, गॅलरी उघडेल. ऑइल पेंट मात्र गॅलरीत नसतो, तो फिल्टर मेनूत स्टायलाइझमध्ये सापडतो.

प्रश्न (नाशिक): आजोबांचा एकच फोटो आहे, जुना, ब्लॅक अँड व्हाइट, पासपोर्टपेक्षा थोडा मोठा. मुलाने एका एआय ॲपमध्ये टाकून त्याचं पेंटिंग केलं. दिसायला फार छान आलं पण आई म्हणाली हे माझे बाबा नाहीत. आता काय करू?

उत्तर: आईंचं बरोबर आहे आणि त्यांचंच ऐका. हे नीट समजून घेऊया कारण बरेच जण यात फसतायत. जुने फिल्टर तुमच्याच फोटोतले पिक्सेल इकडचे तिकडे करतात, नवीन काही आणत नाहीत. २०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी स्टाइल ट्रान्सफर आणलं, म्हणजे एका चित्राची शैली दुसऱ्या फोटोवर चढवणं, आणि २०१६ ला प्रिस्मा ॲपने ते सगळ्यांच्या मोबाईलवर नेलं. त्यातही मूळ फोटोचा सांगाडा बराचसा टिकायचा. २०२५ च्या मार्चमध्ये जपानी ॲनिमेशनसारखे फॅमिली फोटो करायची लाट आली ती मात्र वेगळ्या प्रकारची. हे एआय तुमचा फोटो बघून चित्र नव्याने तयार करतं. डोळे किती आत, ओठाचा कोपरा किती खाली, नाकाचा बाक कसा, हे त्याने पाहिलेल्या लाखो चेहऱ्यांवरून ठरतं. आजोबांचा चेहरा त्यात सरासरीकडे सरकतो, आणि लेकीला तो फरक लगेच कळतो.

तुम्ही असं करा. मूळ फोटो स्कॅनरवर ६०० डीपीआय (दर इंचाला तितके ठिपके) किंवा त्याहून जास्तीला स्कॅन करा, मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, चकाकी येते. डाग आणि चिरा हाताने हीलिंग ब्रशने भरा, वेळ लागेल, लागू दे. रंग भरायचे असतील तर वेगळ्या लेयरवर कलर ब्लेंड मोडमध्ये फिके भरा, फेट्याचा किंवा टोपीचा रंग आईंना विचारून. मग पेंट इफेक्ट कपड्यांना आणि पार्श्वभूमीला मोकळ्या हाताने द्या आणि चेहऱ्याला अगदी बारीक. डोळे, भुवया आणि ओठांच्या कडा यांच्यावर मास्कने मूळ फोटोच ठेवा. फोटोवर रंग चढवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांचे फोटो स्टुडिओत हाताने रंगवत, दागिने आणि भरजरी कपडे रंगाने झाकून टाकत, पण चेहऱ्याला बऱ्याचदा हलकाच हात लावत. त्या लोकांना गिऱ्हाईक काय बघणार ते पक्कं ठाऊक होतं.

प्रत्येक पायरीला आईंना दाखवा. आजोबांना पाहिलेलं माणूस घरात असताना दुसरं कुठलं माप नको.

प्रश्न (बेळगाव): वॉटरकलर फिल्टर लावला की फोटो उजळ व्हायच्या ऐवजी काळाकुट्ट होतो. असं का?

उत्तर: फोटोशॉपच्या फिल्टर गॅलरीतला वॉटरकलर सावल्या गडद करतो, ती त्याची सवयच आहे. शॅडो इंटेन्सिटी शून्यावर आणा, आणि फिल्टरच्या आधी कर्व्हज किंवा लेव्हल्सने फोटो जरा जास्तच वाटेल इतका उजळा.

पण पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद, हे लक्षात ठेवलंत तर निम्मं काम होईल. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर तरी पाहिलं असेल, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ज्योतीवर धरलेल्या हाताची बोटं आतून लालसर उजळलेली, चेहऱ्यावर खालून आलेला उजेड, आणि ते जलरंगातलं आहे हे अनेकांना खरंच वाटत नाही. इतक्या गडद चित्रातसुद्धा सगळ्यात उजळ जागा कागदाच्या जिवावर राखाव्या लागतात. तुमच्या फोटोत सगळ्यात उजळ भाग कोणता ते आधी शोधा आणि तिथं फिल्टर मास्कने पुसून चक्क पांढरं सोडा. चारही कडांना रंग संपत गेल्यासारखा दाखवायला वेड्यावाकड्या ब्रशने मास्क करा. खाली कागदाचा खरा स्कॅन ठेवून वरचा लेयर मल्टिप्लाय या ब्लेंड मोडवर टाका म्हणजे कागद त्यातून दिसेल, तयार टेक्स्चरपेक्षा हँडमेड पेपर स्वतः स्कॅन केलेला कितीतरी छान दिसतो.

प्रश्न (पनवेल): फोटोशॉपचं सबस्क्रिप्शन परवडत नाही, लॅपटॉपही जुना आहे. मोफत काय वापरू?

उत्तर: गिंप आणि क्रिता, दोन्ही पूर्ण मोफत आणि कायदेशीर. गिंपमध्ये आर्टिस्टिक मेनूत ऑइलिफाय आहे आणि जिंप्रेशनिस्ट आहे. जिंप्रेशनिस्ट दिसायला जुनाट वाटतो पण ब्रशचा आकार, दिशा, कागद सगळं ठरवता येतं, मला तो एका क्लिकवाल्या ॲप्सपेक्षा फार आवडतो. जीमिक नावाचं प्लगइनही टाका, त्यात ब्रशिफाय आणि पेंटिंग हे दोन आधी बघा. जुन्या लॅपटॉपवर वेळ लागतो म्हणून आधी छोट्या तुकड्यावर ट्राय करा आणि मगच पूर्ण फोटोवर लावा.

प्रश्न (ठाणे): आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. त्यांचा फोटो पेंट इफेक्ट देऊन कॅनव्हासवर मोठा प्रिंट करायचाय. फोटो मला मावसभावाने व्हॉट्सॲपवर पाठवलाय. चालेल का?

उत्तर: मावसभावाकडून मूळ फाइल मागवा, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलपर्यंत लहान होतो. कॅनव्हासला १५० डीपीआय पुरतं कारण ते लांबून बघतात आणि कॅनव्हासचा स्वतःचा पोत असतो, तरी १६०० पिक्सेलमध्ये साडेदहा इंचच होतात. १२ मेगापिक्सेलच्या मूळ फाइलमधून २४ बाय १८ इंच आरामात निघेल.

फ्रेमवर कॅनव्हास गुंडाळणार असतील तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच मागे जातात, बाबांचा खांदा त्यात जाणार नाही ना ते बघून घ्या. कॅनव्हासवर छापायच्या फाइलला वेगळं कॅनव्हास टेक्स्चर देऊ नका, दोन जाळ्या एकमेकींवर येऊन विचित्र पट्टे दिसतात. आणि स्क्रीनपेक्षा प्रिंट गडद येतो, म्हणून आधी चेहऱ्याच्या भागाचा छोटा टेस्ट प्रिंट मागा, दुकानदार कुरकुरला तरी मागा.

प्रश्न (पुणे): नेटवरचे गडकिल्ल्यांचे फोटो घेऊन त्यांना पेंट इफेक्ट देतो आणि फ्रेम करून विकायचा विचार आहे. फिल्टर लावल्यावर ते माझंच चित्र झालं ना?

उत्तर: नाही झालं. फोटो ज्याचा आहे त्याचा हक्क फिल्टरने पुसला जात नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, फोटोला फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण आहे, आणि पहाटे उठून गड चढून कुणीतरी तो उजेड पकडलाय हे तर आहेच.

नक्कल विकणं मुळातच वाईट असं मी म्हणत नाहीये. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या ओलिओग्राफमुळे, म्हणजे रंगीत छापील चित्रांमुळे, तैलचित्रासारखी दिसणारी लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांत पोचली. बायका त्यावर जरतार आणि टिकल्या लावून सजवायच्या. पण मूळ चित्रं त्यांची स्वतःची होती.

तुम्ही पुण्यात आहात, सिंहगड समोर आहे. स्वतःचे फोटो काढा, तिरक्या उन्हात काढा, कारण भर दुपारी बाराच्या सुमारास बुरुजांना सावली फारशी नसते आणि सपाट फोटोतून फिल्टरला काही मिळत नाही. एखादा दुसऱ्याचा फोटो हवाच असेल तर त्या फोटोग्राफरला मेसेज करून लेखी परवानगी घ्या, किती प्रती विकणार आणि त्याला किती देणार ते त्यातच लिहा.