कळ आली की लगेच अ‍ॅडमिट?

प्रश्न: मी गुहागरची, पहिलटकरीण. सासूबाई म्हणतात पहिली कळ आली की चिपळूणला अ‍ॅडमिट हो. जाऊबाईंचं तसंच केलं, शेवटी सिझर झालं. आणि कळांचं इंजेक्शन घेतलं की सिझर होतंच का?

उत्तर: ताई, पिशवीचं तोंड २-३ सेंटिमीटरच उघडलेलं असताना अ‍ॅडमिट झालेल्यांत सिझर जास्त दिसतं, म्हणजे मग सलाईन, सारखी तपासणी, "पुढे सरकतच नाही" आणि सगळ्यांचाच धीर सुटतो (अर्थात ज्यांचं मुळातच हळू चालतं त्याही लवकर येतात). डब्ल्यूएचओ जोराच्या कळा ५ सेंटिमीटरपासून धरते. इंजेक्शनचं मात्र उलटंच निघालं, अमेरिकेतल्या २०१८ च्या अराइव्ह नावाच्या मोठ्या अभ्यासात ३९ व्या आठवड्यात कळा आणवलेल्या निरोगी पहिलटकरणींत सिझर १८.६ टक्के, आपोआप कळा येण्याची वाट बघणाऱ्यांत २२.२. म्हणून चिपळुणात कुणी नातेवाईक असतील तर अ‍ॅडमिट न होता आधीच त्यांच्याकडे जाऊन राहा. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळ कमी हललं तर मात्र अर्ध्या रात्रीसुद्धा गाडी काढायची.