ताटातले प्रश्न : जाळ वेगळा, चव वेगळी

या वेळच्या पत्रांमध्ये तिखटाचा विषय फिरून फिरून आला आहे. मी कोल्हापूरची. राजारामपुरीत बरीच वर्षं विद्यार्थ्यांची खाणावळ चालवली, त्यामुळे या विषयावर मला पोटतिडकीनं बोलायचं आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा जाणार, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : ऑफिसच्या मंडळींबरोबर ‘अस्सल कोल्हापुरी’ अशी पाटी लावलेल्या एका मिसळीच्या हॉटेलात गेले होते. तिथे तिखटाच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीची प्लेट संपवली की तुमचा फोटो भिंतीवर लागतो. मला चार घासांतच डोळ्यांतून पाणी आलं, जीभ बधिर झाली, मटकी खाल्ली की फरसाण तेही कळेना. मित्र म्हणाले, ‘तुला कोल्हापुरी झेपत नाही.’ कोल्हापुरात खरंच रोज असं खातात का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : अजिबात नाही ताई. तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, कारण माझ्या गावाच्या नावावर तुम्हाला नुसता जाळ खायला घातला गेला.

आमच्याकडे तिखट आहेच, ते मी कशाला नाकारू? पण त्या तिखटामागे अख्ख्या उन्हाळ्याची खटपट असते. एप्रिल-मे महिन्यात मिरच्या आणायच्या, देठं खुडायची, उन्हात कडकडीत वाळवायच्या. जाणती बाई एकाच जातीची मिरची कधी घेत नाही. ब्याडगी रंगासाठी. सुरकुतलेली, गर्द लाल, तिखटाला सौम्य. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. संकेश्वरी नाहीतर जवारी मिरची ठसक्यासाठी. लवंगी घातलीच तर मूठभर. मग धने, जिरे, तीळ, सुकं खोबरं, खसखस, खडा मसाला असं एकेक वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवायचे, खोबरं मात्र बदामी होईपर्यंत सोडायचं नाही. उभा चिरून वाळवलेला कांदा तळायचा, लसूण मुबलक घ्यायचा, आणि सगळं डंकावर नेऊन कुटून आणायचं. ही आमची चटणी, वर्षभराची. तिच्यात मिरची एकटी नसते, म्हणून ती नुसती जाळत नाही.

आता कट. माझ्या खाणावळीत रविवारी सकाळी मिसळ असायची, तेव्हा मी कुणालाही कटाच्या पातेल्याला हात लावू देत नसे. तेल तापलं की आच बारीक करायची. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून ते तेल सोडेपर्यंत परतायचं. त्यानंतर चटणी, आणि लगेच वर पाण्याचा एक हबका, नाहीतर चटणी करपते आणि कडवट होते. पाणी घालायचं ते कढतच. थोड्या वेळात कडेनं लाल तवंग वर यायला लागतो. मिरचीतला रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून तवंग लाल दिसतो. तो लाल रंग बहुतेक ब्याडगीचा असतो. म्हणजे कट दिसायला भयंकर असला तरी खायला तसा असायलाच हवा असं काही नाही. हे त्या पायऱ्या लावणाऱ्यांना माहीत असतं की नाही कोण जाणे, पण घराघरातल्या बायकांना पक्कं माहीत आहे.

शास्त्रसुद्धा आपल्या बाजूनं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन नावाचं द्रव्य जिभेवरच्या चवीच्या जाणिवेला हात लावत नाही. भाजल्यावर ज्या मज्जातंतूंना चटका कळतो, त्यांनाच ते चेतवतं. हे कसं घडतं ते डेव्हिड ज्युलियस यांनी शोधलं आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. म्हणजे तिखटाच्या पायऱ्या चढवणं म्हणजे चटका वाढवणं. मटकीची चव त्यानं वाढत नाही, उलट एका पायरीनंतर ती लागेनाशीच होते. तुमचं तेच झालं.

पुन्हा कुठल्या मिसळीच्या हॉटेलात गेलात तर कट ओतायच्या आधी चमचाभर नुसती उसळ चाखा. मटकी बोटानं दाबली तर दबली पाहिजे, पण मोड शाबूत हवेत. मीठ-हळद आतपर्यंत मुरलेली हवी. उसळच अळणी असेल तर वरून कितीही कट घ्या, उपयोग नाही. कट वेगळ्या वाटीत मागा. चांगलं हॉटेल आनंदानं देतं. कोल्हापुरात बरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात, तो कट टिपून घ्यायला फार सोयीचा प्रकार आहे. आणि तोंड पोळलंच तर पाणी पिऊ नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्यानं ते तोंडभर पसरतं. दूध, दही, ताक घ्या. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणारं आमचं गाव आहे, हेही त्या मित्रांना सांगा. आमच्या ताटात तांबड्या रश्शाशेजारी पांढऱ्या रश्शाची वाटी असते. एक घोट याचा, एक त्याचा. सगळं जाळण्यासाठीच असतं तर ती पांढरी वाटी कुणी कशाला मांडली असती?

प्रश्न : इथल्या हॉटेलांत ‘व्हेज कोल्हापुरी’ खाऊन माझे कन्नड आणि तमिळ सहकारी मला तीच भाजी करून आण म्हणतात. आईला विचारलं तर ती म्हणते, आपल्या घरात असलं काही करत नाहीत. काय करून नेऊ? – एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : आई बरोबर सांगतेय. फ्लॉवर, गाजर, मटार लाल ग्रेव्हीत घालून त्याला कोल्हापुरी म्हणायची पद्धत हॉटेलांनी पाडली. चार भाज्यांची ती चवही वाईट नसते, पण आमच्या घरांत ती शिजत नाही.

तुम्ही अख्खा मसूर करून न्या. इस्लामपूर-कऱ्हाडकडच्या ढाब्यांनी तो गाजवला आणि आमच्या सगळ्या भागानं आपला मानला. मसूर तासभर भिजवा, शिजवताना गाळ होऊ देऊ नका. आलं-लसूण, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, आणि आईकडची चटणी. शेवटी थोडा मसूर डावानं घोटून परत त्यातच मिसळला की रस मिळून येतो. डब्यातून नेलात तरी चव बिघडत नाही, दुपारपर्यंत मुरून जास्तच लागतो. बरोबर ज्वारीची भाकरी आणि फोडलेला कांदा. हिरव्या मिरचीचा खर्डा वेगळ्या डबीत न्या, ज्याला पाहिजे तो घेईल.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. मोबाइलवर बघून चीज मिसळ, मेयोनीज वडापाव असलं काहीतरी मागते. सासूबाई म्हणतात, परंपरेची वाट लावली. रोज दोघींत वाद आणि मी मधे. – एक आई, नाशिक

उत्तर : सासूबाईंचा जीव कशात अडकलाय ते मला कळतं. पण परंपरेचं नाव घेऊन ही बाजू मांडता येणार नाही. मिरची आपल्याकडची नाही. ती अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा मिरी-पिंपळीचा होता. बटाटा तिकडचा, टोमॅटो तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, उपासाचा साबुदाणा ज्या कंदापासून करतात तोही तिकडचाच. पावाची ओळख पोर्तुगीजांनी करून दिली. आणि वडापाव? तो १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला असं सांगितलं जातं. सासूबाईंच्या डोळ्यांदेखत आलेला पदार्थ आहे तो. गिरणीतल्या माणसाला पाळीवर जाता जाता हातात धरून, कमी पैशांत, पोट भरेल असं काही हवं होतं, म्हणून तो रुजला. नवीन आहे म्हणून कुठलाही पदार्थ वाईट ठरत नाही.

मी नवीन पदार्थाला एकच प्रश्न विचारते: घातलेल्या वस्तूनं मूळ पदार्थाचं काय केलं? वडापावात गंमत कुठे असते बघा. गरम वड्याचं बेसनाचं कुरकुरीत कवच, आत मऊ बटाटा, लुसलुशीत पाव, आणि सुक्या लसणाच्या चटणीचा खरखरीत ठसका. मेयोनीज गेलं की कवच ओलं होतं, चटणी त्यात बुडते, पाव गिळगिळीत होतो. चारांतल्या तीन गोष्टी गेल्या. मिसळीवर चीज घातलं तर कटावरचा तवंग ते धरून ठेवतं आणि गार झाल्यावर त्याचा गोळा होतो. फरसाण कुरकुरीत लागायचा अवधी मुळात थोडा, तोही हातचा जातो. या दोन्हींच्या मी ठाम विरोधात आहे.

पण चीज घालून केलेलं थालीपीठ मी स्वतः आवडीनं खाते. भाजणीच्या खमंगपणाला चीजचा खारटपणा शोभतो आणि थालीपीठ गरमच खायचं असल्यानं गोळा होण्याचा प्रश्न येत नाही. तेव्हा मुलीला स्वयंपाकघरात घ्या. एका वड्याला मेयोनीज, एकाला लसणाची चटणी, दोन्ही तिनंच करावेत, आजीनं आणि तिनं शेजारी बसून खावेत. चटणी कुटायचं काम आजीकडे द्या. मोबाइलवर फक्त दिसतं, वास आणि करकर त्यात येत नाही. मुलांना एकदा नाकानं आणि दातानं फरक कळला की त्यांना फार सांगावं लागत नाही. खाणावळीतल्या पोरांचा माझा अनुभव तरी असाच आहे.

प्रश्न : पांढरा रस्सा दर वेळी फुटतो. काय चुकतं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : नारळाचं दूध उकळतंय. मटणाच्या अळणी पाण्यात तीळ, खसखस, काजूचं वाटण घालून आधी पूर्ण शिजवून घ्या, आच मंद करा, मग दूध घाला आणि ढवळत राहा. कडेला बुडबुडे दिसले की गॅस बंद. परत गरम करायची वेळ आली तर पातेलं गरम पाण्यात ठेवून करा. लिंबू ताटात पिळायचं, पातेल्यात नाही.

प्रश्न : आम्ही दोघंच असतो, दोघांची सत्तरी उलटली. यांचा जन्म कोल्हापूरचा. पित्ताचा त्रास सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी तिखट आणि तेल कमी करायला सांगितलंय. मटण चालेल म्हणाले, पण महिन्यातून एखाद्या वेळी. हे ताटावर बसतात आणि म्हणतात, ‘सगळं पथ्याचं लागतंय.’ मला ते बघवत नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वयाच्या या टप्प्यावर माणसाच्या ताटातला आनंद कमी होऊ नये, असं मला फार वाटतं. डॉक्टरांचं ऐकूनही बरंच काही करता येतं.

अण्णांना बहुतेक तिखटाची आठवण येत नसावी, भाजलेल्या वाटणाची येत असावी. पथ्य म्हटलं की आपण मिरचीबरोबर भाजणं, परतणं, फोडणी सगळंच काढून टाकतो आणि वरण-भात फिका करून ठेवतो. भाजणं ठेवा. कांदा अख्खा गॅसवर सालीसकट भाजा, साल काळी झाली की सोला. सुकं खोबरं कोरडंच भाजा, तेल लागत नाही. तीळ, धने, थोडे जिरे.

ब्याडगी मिरच्या घ्या. उभ्या चिरून आतल्या बिया आणि त्यांना धरून असलेला पांढरा पडदा पूर्ण काढा. मिरचीचा जाळ मुख्यतः त्या पडद्यात असतो. साली गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, ते पाणी टाकून, गुळगुळीत वाटा. रंग तांबड्या रश्शाचाच येईल. मटणाचं पाणी आदल्या दिवशी काढून फ्रिजमध्ये ठेवलं की वर चरबी थिजते, ती सहज काढता येते. दुसऱ्या दिवशी चमचाभर तेलावर लसूण-आलं आणि हे सगळं वाटण परता. वाटण खाली लागायला लागलं तर तेलाऐवजी मटणाच्याच पाण्याचा हबका मारा. मग उरलेलं पाणी ओतून पातळ रस्सा करा. दाट करू नका, रस्सा ओरपता आला पाहिजे.

मटण नसेल त्या दिवशी हेच वाटण मोडाच्या मटकीला किंवा पावट्याला चालतं. जास्त करून बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा, दोघांच्या भाजीला दोन वड्या पुरतात. ताटात मिरची न घातलेली तिळाची चटणी आणि ताजं ताक असू द्या. पहिल्यांदा करताना वाटीभरच वाढा, आणि रात्री नको. दुपारच्या जेवणाला करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत पोटाला कसं वाटतंय ते कळेल.