नियामक टी-पेशींवर पोस्ट-डॉक करण्यासाठी फ्रायबुर्गला येऊ पाहणाऱ्या संशोधिकेस उत्तर

नमस्कार.

पुण्यात तुमची पीएचडी संपत आली आहे, टी-पेशींमधील संदेशवहनावर (बाहेरचा संकेत पेशीच्या आत कसा पोचतो यावर) तुमचे काम झाले आहे आणि आता नियामक टी-पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींवर, पोस्ट-डॉक (पीएचडीनंतरचे संशोधन) करायची तुमची इच्छा आहे. त्यासाठी जर्मनीत यावे की अमेरिकेत जावे, प्रयोगशाळा कशी पाहून घ्यावी आणि पती व दोन वर्षांच्या मुलीसह इथे निभावेल का, असे तुम्ही विचारले आहे. मीही पुण्यात पीएचडी करून जर्मनीतील फ्रायबुर्गला आले आणि आजवर याच विषयात काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही सुरुवात देशापासून केली आहे. मी प्रश्नापासून करेन, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरच ठरतात. नियामक टी-पेशींच्या क्षेत्रात आज फार गर्दी आहे. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली सीडी२५ हे प्रथिन पृष्ठभागावर धारण करणाऱ्या या पेशी वेगळ्या करून दाखवल्या, २००१ साली मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ जातीच्या उंदरांमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराच्या मुळाशी असलेले फॉक्सपी३ हे जनुक शोधले, आणि २०२५ साली तिघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे ‘मला नियामक टी-पेशींवर काम करायचे आहे’ एवढेच सांगणाऱ्या अर्जाने कोणाचेही लक्ष वेधले जाणार नाही. पेशीवरील तेच ग्राहक (रिसेप्टर) आणि आत संदेश पुढे नेणाऱ्या लिक, झॅप-७०, लॅट या प्रथिनांची तीच साखळी असताना एका पेशीत आक्रमणाचा आणि दुसरीत आवर घालण्याचा कार्यक्रम कसा सुरू होतो, किंवा नियामक पेशींना आपली ओळख टिकवण्यासाठी पीआय३-कायनेज आणि एकेटी या प्रथिनांचा संदेश मंद का ठेवावा लागतो, अशा नेमकेपणाने तुम्हाला बोलता आले पाहिजे. संदेशवहन शिकलेल्या माणसाकडे ही नजर असते. तुमचे भांडवल तेच आहे आणि ते पुण्यातलेच आहे. एकाच सीडी४० ग्राहकाकडून पी३८ आणि ईआरके अशा दोन संदेश-वाटांनी परस्परविरोधी परिणाम घडतात, हे लीशमॅनिया या परजीवीच्या संसर्गाच्या संदर्भात २००४ साली भास्कर साहा यांच्या गटाने पुण्याच्या एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) या संस्थेतूनच दाखवले होते. आपण मागासलेल्या ठिकाणाहून येत आहोत, ही भावना मुलाखतीला येताना मुळीच बाळगू नका.

फ्रायबुर्ग या विषयासाठी मला का योग्य वाटते, ते सांगते. मोनोक्लोनल (एकाच पेशीच्या वंशापासून मिळवलेल्या) प्रतिद्रव्यांसाठी १९८४ चे नोबेल मिळालेले गेऑर्ग क्यौलर इथल्या माक्स प्लांक संस्थेचे संचालक होते. मिखाएल रेथ यांनी १९८९ साली प्रतिजन (प्रतिकारशक्ती ज्याला ओळखते तो रेणू) पकडणाऱ्या ग्राहकांशी जोडलेल्या प्रथिनांमध्ये ठरावीक अंतरावर येणारी टायरोसीन या अमिनो आम्लाची जोडी ओळखली; संदेश सुरू करणाऱ्या त्या खुणेलाच आपण आज आयटॅम म्हणतो. विद्यापीठात जैविक संदेशवहनासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे, आणि याच शहरातील विद्यापीठ रुग्णालयात प्रतिकारशक्तीच्या जन्मजात विकारांचे रुग्ण येतात. मला हे शेजारपण सर्वांत मोलाचे वाटते. सीटीएलए-४ या जनुकाची एकच प्रत निकामी झालेल्या कुटुंबांचे वर्णन २०१४ साली बोडो ग्रिमबाखर यांच्या इथल्या गटाने आणि त्याच सुमारास अमेरिकेतील एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या गटाने प्रसिद्ध केले. सीटीएलए-४ हे प्रथिन प्रतिजन सादर करणाऱ्या पेशीवरील सीडी८० आणि सीडी८६ हे टी-पेशींना चेतवणारे रेणू अक्षरशः ओरबाडून आत घेते. ते निम्मे झाले की नियामक पेशी असूनही आवर सुटतो, आणि आतडे, फुप्फुसे, मेंदू यांत लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) घुसतात. अशा रुग्णांना सीटीएलए-४ चाच अंश असलेले अबाटासेप्ट हे औषध देता येते. प्रयोगशाळेतल्या बाकावर मोजलेला संदेश आणि रुग्णालयातल्या खाटेवरचा माणूस यांच्यातले अंतर जिथे इतके कमी आहे, तिथे पेशी-संदेशवहनाचे काम केवळ बाणांच्या आकृत्यांचे राहत नाही.

आता रोजच्या कामाविषयी. नियामक पेशी सीडी४ गटातील टी-पेशींच्या साधारण ५ ते १० टक्के असतात. उंदराच्या एका प्लीहेतून त्या वेगळ्या केल्या की फार तर काही लाख हाती लागतात आणि वेस्टर्न ब्लॉट या प्रथिने तपासण्याच्या पद्धतीच्या तीन-चार रकान्यांतच संपतात. म्हणून इथे बहुतेक काम फॉस्फो-फ्लोने (एकेका पेशीतील प्रथिनांवरचे फॉस्फेट रंगांच्या मदतीने मोजण्याच्या पद्धतीने) होते. पेशींची नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून पेशी टी-पेशीवरील सीडी३ या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिद्रव्याने उद्दीपित करायच्या, एक, दोन, पाच मिनिटांना त्यावर थेट फॉर्माल्डिहाइड ओतून संदेश जागच्या जागी गोठवायचा, आणि मग उणे २० अंशांचे मिथेनॉल थेंबाथेंबाने, नळी सतत हलवत घालायचे. मिथेनॉलने पीई आणि एपीसी हे चमकणारे रंग मरतात, पृष्ठभागावरील काही खुणाही नष्ट होतात. त्यामुळे कोणता रंग आधी लावायचा आणि कोणता नंतर, याची आखणी अगोदरच करावी लागते. झॅप-७० वरील फॉस्फेट मिनिटभरात चढते आणि फॉस्फटेजेस ही विकरे ते तितक्याच झपाट्याने उतरवतात. तीस सेकंदांची ढिलाई झाली तर आलेख खोटा पडतो. हे तंत्र तुमच्या हातात बसलेले असेल, तर अर्जात ते स्पष्ट लिहा. प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या दृष्टीने अशा उमेदवाराचे सुरुवातीचे काही महिने वाचलेले असतात.

उंदरांवरील प्रयोगांची परवानगी प्रादेशिक प्रशासनाकडून मिळवावी लागते. उंदरांची संख्या सांख्यिकीने पटवून द्यावी लागते, अर्ज जर्मन भाषेत असतो आणि मंजुरीला कित्येक महिने लागतात. म्हणून मुलाखतीत हे जरूर विचारा की तुमच्या प्रकल्पाला लागणारी परवानगी हाती आहे, की तुमच्या येण्यानंतर अर्ज होणार आहे. प्राणी हाताळण्याचा युरोपात मान्य असलेला अभ्यासक्रम आल्याबरोबर करावा लागेल, आणि रेट्रोव्हायरसने जनुके घालणार असाल तर दुसऱ्या सुरक्षास्तराची प्रयोगशाळा लागेल. तिचीही चौकशी करा.

कराराचा भाग कोरडा वाटेल, पण माझ्या ओळखीच्या अनेक हुशार माणसांची वाट इथेच अडली आहे. जर्मन कायद्यानुसार विद्यापीठे आणि संशोधन संस्थांमध्ये पीएचडीनंतर मुदतीच्या करारावर सर्वसाधारणपणे ६ वर्षेच काम करता येते. मुलांसाठी ही मुदत वाढू शकते, आणि बाहेरून मिळालेल्या प्रकल्प-निधीवर तिच्यापलीकडेही नेमणूक होते; परंतु तिथे तुमचे भवितव्य दुसऱ्याच्या अनुदानावर टांगलेले राहते. कायमच्या जागा फार थोड्या आहेत. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांनंतर आपण कुठे असू, हा विचार येण्याआधीच करायला हवा. शिष्यवृत्ती आणि करार यांतही फरक आहे. करारात आरोग्य, निवृत्तिवेतन आणि बेकारी या तिन्ही विम्यांचे हप्ते कापले जातात आणि संरक्षणही मिळते. शिष्यवृत्तीत रक्कम हातात पडते, पण निवृत्तिवेतन आणि बेकारी यांचे संरक्षण नसते. कुटुंब बरोबर असताना मी करारच पसंत करेन.

स्वतःच्या निधीचे अर्ज मात्र भारतातून निघण्यापूर्वीच करा. युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी शिष्यवृत्तीची अट अशी आहे की अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य झालेले नसावे. आधी येऊन स्थिरावू आणि मग अर्ज करू, असे म्हणणाऱ्यांसाठी ही वाट लवकरच बंद होते. जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती आहे, आणि २०१६ पासून भारत एम्बो (युरोपीय रेणवीय जीवशास्त्र संघटना) हिच्या परिषदेचा सहयोगी सदस्य असल्याने तिथल्या योजनाही पाहाव्यात.

अमेरिकेविषयी थोडक्यात लिहिते. प्रयोगशाळा मोठ्या आहेत आणि कामाचा वेग जास्त आहे. पण सरकारी पैशावर जे-१ (विनिमय-अभ्यागतांच्या) व्हिसाने गेलात, तर नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते, आणि ती माफ करून घेणे हा वेगळाच उद्योग आहे. प्रश्न तिथल्याच प्रयोगशाळेत सुटणार असेल तर बेलाशक जा. केवळ नावासाठी जाऊ नका.

तुमच्या पतीला इथे नोकरी करण्याची मुभा असेल, आणि संशोधकाच्या जोडीदारास व्हिसासाठी जर्मनची परीक्षा सक्तीची नाही. तरीही जर्मन येत नसेल तर नोकरी मिळणे अवघड जाते, म्हणून त्यांनी पुण्यातच वर्ग सुरू करावेत. एक वर्षावरील प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून कायद्याने दिलेला आहे. प्रत्यक्षात जागा अपुऱ्या आहेत, त्यामुळे करार हाती येताच नाव नोंदवा. फ्रायबुर्गात घर मिळणे त्याहून कठीण आहे, आणि पहिल्या काही महिन्यांसाठी विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या अतिथिगृहाची मागणी आधीच करून ठेवावी लागते.

प्रयोगशाळा निवडताना मी एकच गोष्ट सर्वांत वर ठेवेन. इथून जाताना प्रश्नाचा कोणता तुकडा तुमचा म्हणून बरोबर नेता येईल, हे प्रमुखाला मुलाखतीतच विचारा. काही जण ताबडतोब सांगतात, काही जण विषय बदलतात. जिथे विषय बदलला जातो तिथे जाऊ नये, मग त्यांचे शोधनिबंध कितीही मोठ्या नियतकालिकांत येवोत. आज ना उद्या तुम्ही भारतात परतणाऱ्या संशोधकांच्या रामलिंगस्वामी पाठ्यवृत्तीसाठी किंवा इंडिया अलायन्सच्या निधीसाठी अर्ज कराल, तेव्हा निवड समिती तुमचा स्वतंत्र प्रश्न कोणता हेच विचारेल, आणि जुन्या प्रमुखाशी स्पर्धा करत उभे राहणे नव्या प्रयोगशाळेला झेपत नाही. त्या प्रमुखाकडून बाहेर पडलेल्या दोन-तीन जणांना थेट लिहा. ते आज कशावर काम करतात हे पाहिले तरी पुष्कळ कळते.

पहिले पत्र एका पानाचे असावे. त्यात त्यांच्या एका शोधनिबंधातील एक न सुटलेली गोष्ट, ती तुम्ही कशी तपासाल, आणि तुमच्या हातातील तंत्र, एवढेच असावे. मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी मनापासून वाचेन.