पैसे सांभाळायचे किती पैसे घेतात? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमचा गुंतवणूक सल्लागार फी कशी घेतो, हे तुम्हाला माहितीये का. खूप पत्रं आली, मेल आले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलंय की माहीतच नाही, कधी विचारलं नाही, विचारायला संकोच वाटतो. संकोच करू नका प्लीज. डॉक्टरची फी आपण विचारतो, वकिलाची विचारतो, मग आयुष्यभराची पुंजी ज्याच्या सांगण्यावरून लावायची त्याला का नाही विचारायचं? निवडक प्रश्न घेतलेत, ज्यात गुंता जास्त आहे त्यांना जागा जास्त दिलीय.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून 58 व्या वर्षी रिटायर झाले. फंड, ग्रॅच्युइटी सगळं मिळून 45 लाख आलेत. बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर घरी येऊन गेला, म्हणाला मॅडम आमचा सल्ला एकदम फ्री. त्याने वर्षाला 5 लाख हप्ता असलेली विमा पॉलिसी करायला लावली, कागद गेल्या आठवड्यात आले, आणि आता 25 लाख म्युच्युअल फंडात टाकू म्हणतोय. भाचा म्हणतो सेबीकडे (शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर लक्ष ठेवणारी सरकारी नियामक संस्था) नोंदणी असलेल्या सल्लागाराकडे जा, तो वर्षाला 20 हजार घेतो. फुकट मिळतंय तर 20 हजार कशाला द्यायचे? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर: बाई, आधी तातडीचं सांगतो. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवस तुम्हाला ती परत करायची मुभा असते, त्याला फ्री लूक म्हणतात. नको असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या, थोडी किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. पेन्शनवर राहणाऱ्या माणसाने वर्षाला 5 लाखाचा हप्ता मागे लावून घेणं मला अजिबात पटत नाही, त्यामुळे हे या आठवड्यातच उरका, बाकीचा विचार नंतर.

आता फुकटचं बघू. बँक म्युच्युअल फंड विकते तेव्हा ती डिस्ट्रिब्युटर, म्हणजे कमिशनवर विकणारी असते, फॉर्मवर तिचा एआरएन नंबर, म्हणजे विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक असतो आणि तुमचे पैसे रेग्युलर प्लॅनमध्ये, म्हणजे कमिशन धरून असलेल्या प्लॅनमध्ये जातात. तीच स्कीम डायरेक्ट प्लॅनमध्येही मिळते, जानेवारी 2013 पासून, आणि तिचा खर्च कमी असतो कारण मधलं कमिशन नसतं. हा फरक स्कीमप्रमाणे बदलतो, आपण हिशोबाला पाऊण टक्का धरू. 25 लाखावर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला 18,750 रुपये. याचं बिल तुम्हाला कधी येणार नाही, चेक लिहावा लागणार नाही, कारण ते रोजच्या रोज थोडं थोडं एनएव्हीमधूनच, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीतूनच वजा होतं आणि जोपर्यंत पैसे तिथे आहेत तोपर्यंत होतच राहतं. म्हणजे फ्री नाहीये, फक्त दिसत नाही. बघायचं असेल तर सहा महिन्यांनी जे एकत्रित स्टेटमेंट येतं ना, सगळ्या फंडांचं मिळून, त्यात डिस्ट्रिब्युटरला किती कमिशन गेलं ते रुपयांत छापलेलं असतं. ज्यांच्याकडे आधीपासून फंड आहेत त्या सगळ्या वाचकांनी आजच ते स्टेटमेंट उघडा आणि तो रकाना शोधा.

भाचा म्हणतो त्या सल्लागाराचे 20 हजार अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 23,600. बरं, नुसते आकडे शेजारी ठेवले तर बँकच थोडी स्वस्त दिसते, हे मी लपवणार नाही. 10 लाखच गुंतवायचे असते तर रेग्युलर प्लॅनचा खर्च साडेसात हजाराच्या आसपास गेला असता, आणि मी म्हटलं असतं की गावातला एखादा प्रामाणिक डिस्ट्रिब्युटर बघा जो फॉर्म भरून देतो, नॉमिनीचं बघतो, बाजार पडला की फोन करून धीर देतो. असे लोक आहेत आणि त्यांचं कमिशन मला खटकत नाही.

पण तुमच्या बाबतीत खरा फरक दुसरीकडे आहे. त्या मॅनेजरने तुम्हाला पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेबद्दल सांगितलं का? बहुतेक नाही. त्यात 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तिमाहीला व्याज खात्यात येतं, सरकारची हमी आहे, आणि एजंटला मिळणारं कमिशन 2011 च्या डिसेंबरपासून बंद झालंय. तुम्ही 58 व्या वर्षी रिटायर झालात म्हणजे 60 पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नाही, पण निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून 3 महिन्यांच्या आत खातं उघडावं लागतं. ही मुदत चुकली तर पुढे 60 पर्यंत थांबावं लागेल. तुमच्यासाठी यापेक्षा महत्त्वाचा सल्ला दुसरा नाही आणि तो देऊन कोणाला एक रुपया मिळत नाही, म्हणून विकणाऱ्याच्या तोंडून तो सहसा येत नाही. फी घेणारा सल्लागार तो देऊ शकतो कारण त्याचे पैसे तुम्ही दिलेत, फंड कंपनीने नाही. सेबीचा नियमही असाच आहे, एकाच कुटुंबाकडून एकाच माणसाने सल्ल्याची फीही घ्यायची आणि कमिशनही घ्यायचं, हे चालत नाही. निदान पहिल्या वर्षी तरी ते 20 हजार द्या असंच मी म्हणेन.

प्रश्न: आम्ही दोघं आयटीत. म्युच्युअल फंड 62 लाख, दोघांचा पीएफ मिळून 38 लाख, स्वतः घेतलेले शेअर्स 20 लाख, शिवाय होम लोन चालू आहे. एक सल्लागार एकूण रकमेच्या 1 टक्का मागतोय, दुसरा वर्षाला सरसकट 35 हजार. 1 टक्का म्हणजे काही जास्त नाही असं वाटतं, बरोबर ना? (पुणे)

उत्तर: टक्का ऐकला की कमीच वाटतं, रुपये लिहून बघा. 1 कोटी 20 लाखाचा 1 टक्का म्हणजे 1,20,000, वर जीएसटी 21,600, एकूण 1,41,600 दरवर्षी. आता मला सांगा, पीएफच्या 38 लाखावर हा माणूस नेमकं काय करणार आहे? ते पैसे पगारातून कापून जातात, व्याज सरकार ठरवतं. सेबीच्या नियमात टक्केवारीची फी फक्त त्या गुंतवणुकीवर लावायची असते जिच्याबद्दल सल्लागाराने प्रत्यक्ष सल्ला दिलाय, आणि ती रक्कम किती हे डिमॅट किंवा युनिट स्टेटमेंटसारख्या कागदांवरून दाखवायची जबाबदारी त्याची असते. तुमच्या शेअर्सचंही तसंच, त्यावर तो काही सांगणारच नसेल तर ते पण धरता येणार नाहीत. मग उरले 62 लाख, फी 62,000 आणि जीएसटी धरून 73,160. म्हणजे एका प्रश्नात रक्कम जवळपास अर्धी झाली.

कायद्याने वरची मर्यादा आहे, टक्केवारीत वर्षाला अडीच टक्के आणि ठरावीक फी घेत असेल तर एका कुटुंबाला वर्षाला 1,51,000, कर वेगळे. 2025 च्या आधी ही ठरावीक फीची मर्यादा 1,25,000 होती. कुटुंब म्हणजे तुम्ही, तुमच्यावर अवलंबून असलेला जोडीदार, मुलं आणि आईवडील. पण मर्यादा आहे म्हणजे तेवढं द्यायचंच असं नाही, घासाघीस करा, यात लाजण्यासारखं काही नाही.

माझा कल सरसकट फीकडे आहे, कारण सांगतो. तुमची एसआयपी समजा महिन्याला 1 लाख आहे, तर फक्त तुम्ही भरलेल्या पैशांमुळे वर्षाला 12 लाख वाढले आणि सल्लागाराची फी आपोआप 12 हजारांनी वाढली, काम तेवढंच राहिलं तरी. आणि दुसरं म्हणजे होम लोन. बोनस आला तर लोन फेडायचं की गुंतवायचं, हा प्रश्न तुम्ही टक्केवारीवाल्याला विचारलात तर लोन फेडा म्हणताना त्याची स्वतःची फी कमी होते. तो प्रामाणिक असेलही, पण असा सल्ला द्यायला त्याला स्वतःच्या खिशाविरुद्ध जावं लागतं. लांबचा हिशोब पण करून ठेवा, 10 लाख 20 वर्षं 11 टक्क्यांनी वाढले तर साधारण 80.6 लाख होतात, 10 टक्क्यांनी वाढले तर 67.3 लाख, एका टक्क्याचा फरक 13 लाखांच्या वर जातो.

टक्केवारी कुठे बरी पडते तर सुरुवातीला. एखाद्याकडे एकूण 8 लाखच असतील तर 1 टक्का म्हणजे 8 हजार, त्याने 35 हजार देणं म्हणजे चार टक्क्यांच्या वर गेलं, ते परवडणारच नाही. तुमचं तसं नाही.

प्रश्न: पीएमएसवाले (पोर्टफोलिओ मॅनेजमेंट, म्हणजे तुमच्या नावाने गुंतवणूक सांभाळणाऱ्या कंपन्या) म्हणतात फिक्स फी कमी आणि 10 टक्क्यांच्या वर जो नफा होईल त्यातले 20 टक्के आमचे. नफा झाला तरच घेतात म्हणजे चांगलंच ना? (सूत व्यापारी, इचलकरंजी)

उत्तर: चांगलं असू शकतं, पण करारातल्या दोन गोष्टी बघितल्याशिवाय नाही. पीएमएसला किमान 50 लाख लागतात, तेवढेच धरू आणि गणित सोपं रहावं म्हणून फिक्स फी बाजूला ठेवू. वर्षअखेर 60 लाख झाले, नफा 10 लाख. 10 टक्क्यांची अट म्हणजे पहिले 5 लाख तुमचे, वरच्या 5 लाखांचे 20 टक्के म्हणजे 1 लाख त्यांचे, तुमच्याकडे राहिले 59. हे झालं साधं. पण काही करारात कॅच-अप नावाचं कलम असतं, त्यात एकदा 10 टक्क्यांची रेषा पुरेशी ओलांडली की वाटा सगळ्या 10 लाखांवर मोजतात, म्हणजे 1 च्या जागी 2 लाख. तोंडी सांगताना हे बहुतेक वेळा राहूनच जातं, म्हणून करारात तो शब्द शोधा.

दुसरी गोष्ट हाय वॉटर मार्क, म्हणजे तुमच्या पैशांनी आधी गाठलेली सगळ्यात वरची पातळी. समजा दुसऱ्या वर्षी बाजार पडला आणि 59 चे 48 झाले, तिसऱ्या वर्षी परत 58 वर आले. तिसऱ्या वर्षापुरतं बघितलं तर 10 लाख नफा, पण तुम्ही अजून जुन्या उंचीच्या खालीच आहात, त्यामुळे नफ्यातला वाटा द्यायचा नाही. सेबीने हे तत्त्व सक्तीचं केलंय. फिक्स फी मात्र तोट्याच्या वर्षातही कापली जाते, तेव्हा नफा झाला तरच घेतात हे अर्धंच खरं. शिवाय लवकर बाहेर पडलात तर पहिल्या वर्षी 3, दुसऱ्या वर्षी 2 आणि तिसऱ्या वर्षी 1 टक्क्यापर्यंत एक्झिट लोड लागू शकतो. आणि डिस्ट्रिब्युटरला मध्ये न घेता थेट जायची सोय कंपनीला द्यावीच लागते, ती मागून बघा, धंद्यात भाव काढता तसा दोन्हीकडचा भाव काढा.

प्रश्न: टेलिग्रामवर एक जण टिप्स देतो, म्हणतो आत्ता काही देऊ नका, फायदा झाला की 30 टक्के पाठवा. (जळगाव)

उत्तर: लांब रहा. नोंदणीकृत सल्लागाराला नफ्यात वाटा घेता येत नाही, परताव्याची हमी देता येत नाही आणि रोख पैसे घेता येत नाहीत. त्याला आयएनए ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक विचारा आणि सेबीच्या साइटवर नावासकट जुळवून बघा, कारण दुसऱ्याचा नंबर चिकटवणारेही भरपूर आहेत.

प्रश्न: नोकरी बदलली, जुन्या कंपनीच्या फोर-ओ-वन-के (नोकरीतून मिळणारं अमेरिकेतलं निवृत्ती खातं) मध्ये 6 लाख डॉलर आहेत. इथला अॅडव्हायझर म्हणतो ते आयआरएमध्ये (स्वतःच्या नावाने उघडायचं निवृत्ती खातं) आणा, मी 1 टक्क्याने मॅनेज करतो. (न्यू जर्सी)

उत्तर: 1 टक्का म्हणजे वर्षाला 6,000 डॉलर, आणि तिकडे हे पैसे सहसा दर तिमाहीला खात्यातूनच वळते होतात, त्यामुळे टोचत नाही. पैसे जुन्या प्लॅनमध्ये राहिले तर त्याला यातलं काहीच मिळत नाही, हे लक्षात ठेवून त्याचा सल्ला ऐका. तुमच्यापुढे इतर वाटा आहेत, तिथेच राहू देणं, नवीन कंपनीच्या प्लॅनमध्ये नेणं जर ती घेत असेल तर, किंवा आयआरए स्वतः उघडून कमी खर्चाचे इंडेक्स फंड घेणं. त्याच्याकडून फॉर्म सीआरएस, म्हणजे सल्लागाराने सेवा आणि फीची थोडक्यात माहिती देणारा कागद मागा, छोटाच असतो, त्यात ग्राहकाने विचारायचे प्रश्नही छापलेले असतात. त्यातला एक फार कामाचा आहे, मी 10,000 डॉलर दिले तर त्यातले फी आणि खर्चात किती जातील आणि माझ्यासाठी प्रत्यक्ष किती गुंतवले जातील. फीचे सविस्तर दर फॉर्म एडीव्ही या सल्लागाराच्या नोंदणी अर्जाच्या दुसऱ्या भागात मिळतील. आणि तो फक्त तुमच्याकडून फी घेतो की विमा वगैरे विकून कमिशनही घेतो, हे ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहील.

प्रश्न: सल्लागाराला वर्षाचे 48 हजार आधीच दिले. 4 महिन्यांत एकच फोन आला, ते पण मीच दोनदा मेल केल्यावर. सोडायचंय, म्हणतो फी नॉन-रिफंडेबल आहे. (नागपूर)

उत्तर: तो नोंदणीकृत सल्लागार असेल तर असं म्हणून चालणार नाही. एप्रिल 2025 पासून ग्राहकाची तयारी असेल तर वर्षाची फी आगाऊ घेता येते हे खरं, पण मध्येच करार संपवला तर उरलेल्या काळाचे पैसे परत करावे लागतात, त्यातून फार तर एका तिमाहीची फी ठेवून घेता येते. तुमचे 4 महिन्यांचे 16 हजार गेले, उरले 32, त्यातून एका तिमाहीचे जास्तीत जास्त 12 हजार वजा केले तरी किमान 20 हजार परत यायला हवेत, आणि त्या रकमेवर भरलेल्या जीएसटीचंही विचारा. आधी करार काढून वाचा, मग हा हिशोब मेलमध्ये लिहून पाठवा. दाद देत नसेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार टाका, पैसे भरल्याची पावती आणि मेलचे स्क्रीनशॉट जोडून. तिथे 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, त्यानेही समाधान झालं नाही तर पुढे स्मार्ट ओडीआरवर, म्हणजे ऑनलाइन तडजोड आणि लवादाच्या पोर्टलवर जाता येतं.