गाडी तापते, तक्रार कुठे करायची?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी साडेतीन वर्षांची आहे. दर दीड-दोन हजार किलोमीटरला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ‘मिन’च्या खुणेखाली जातं. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी टॉप-अप करतात आणि ‘एवढं चालतंच’ म्हणतात. गेल्या महिन्यात खंबाटकी घाटात काटा लाल रेषेवर गेला आणि इंजिन बंद पडलं. मागून ट्रक येत होते. ओळखीतल्या आणखी दोघांच्या याच मॉडेलला हाच त्रास आहे. आरटीओत अर्ज द्यावा का? — एक वाचक, सातारा

उत्तर : ‘एवढं चालतंच’ हे मान्य करू नका. कूलंटची यंत्रणा बंदिस्त आणि दाबाखाली असते. दोन हजार किलोमीटरला पातळी ‘मिन’खाली उतरते म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती वॉटर पंपाच्या सीलमधून असेल, होज पाइपच्या क्लिपपाशी असेल, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या सांध्यातून असेल, नाहीतर हेड गॅस्केटमधून (इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा ठोकळा यांच्यामधल्या सीलमधून) थेट सिलिंडरमध्ये असेल. सर्व्हिस सेंटरला प्रेशर टेस्ट करायला सांगा. इंजिन थंड असताना हातपंपाने रेडिएटरच्या टोपणावर छापलेल्या दाबाइतका दाब देतात आणि दहा-पंधरा मिनिटं गेज पाहतात. दाब उतरला आणि बाहेर कुठेच ओल दिसली नाही, तर गळती इंजिनच्या आत असण्याची शक्यता मोठी. निकाल काहीही येवो, तो जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर, लिहून घ्या. तोंडी निदानाचा पुढे काडीचाही उपयोग होत नाही.

आता आरटीओबद्दल. आरटीओ नोंदणी, फिटनेस आणि परवाने पाहतं. कारखान्यातूनच आलेल्या दोषाची दखल केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय घेतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. मंत्रालयाच्या ‘वाहन’ पोर्टलवर ‘व्हेइकल रिकॉल’ (सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं) असा विभाग आहे, तक्रार तिथे नोंदवायची. आरसी हाताशी ठेवा, नोंदणी क्रमांक आणि चॅसी क्रमांक त्यावरूनच उतरवा. उत्पादनापासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना हे नियम लागू आहेत, म्हणजे तुमची गाडी बसते. ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी जमल्या की सरकार कंपनीला नोटीस देऊ शकतं, गाडीची चाचणी करून घेऊ शकतं आणि ते मॉडेल परत बोलावण्याचा आदेशही काढू शकतं. सक्तीने रिकॉल करावा लागला तर कंपनीला दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने दोष स्वतःहून कळवून गाड्या परत बोलावल्या तर हा दंड नाही.

प्रमाण मोजलं जातं म्हणूनच तुमच्या त्या दोन परिचितांनी आपापली तक्रार स्वतंत्र नोंदवणं फार महत्त्वाचं आहे. तिघांच्या सह्यांचा एकच अर्ज ही फक्त एका गाडीची नोंद ठरेल.

तक्रारीत काय लिहायचं, इथे बहुतेक जण कमी पडतात. नियमांच्या भाषेत दोष म्हणजे रस्त्यावरच्या सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका निर्माण करणारा किंवा करू शकणारा बिघाड. ‘गाडी सारखी तापते, कंपनी दाद देत नाही’ या वाक्यात असा धोका कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा असं लिहा : ‘अमुक तारखेला दुपारी तीनच्या सुमारास खंबाटकी घाट चढताना, दुसऱ्या गिअरमध्ये, ओडोमीटर ४१,२०० किमी असताना, काटा अर्ध्यावरून मिनिटभरात लाल रेषेवर गेला. इंजिन आपोआप बंद पडलं. ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबल्यावर कडक झालं. गाडी चढावर लेनमध्येच थांबली. त्याआधी दोन वेळा कूलंट भरल्याची जॉब कार्डं आहेत.’ आकडे अर्थातच तुमचे टाका. किती पैसे गेले, मॅनेजर काय बोलला, हे इथे नको.

प्रश्न : वॉरंटीत वॉटर पंप बदलला, पण जुना पंप दाखवलाही नाही. पुरावा म्हणून काय उरतं? — एक वाचक, नाशिक

उत्तर : वॉरंटीत बदललेला भाग सहसा कंपनीकडे परत जातो, त्यामुळे तो हातात मिळेलच असं नाही. पुढच्या वेळी काम सुरू होण्याआधीच सांगा की जुना भाग पाहायचा आहे. त्यावरचा पार्ट नंबर आणि उत्पादनाची खूण वाचता येईल असा फोटो काढा. गळतीच्या जागी वाळलेल्या कूलंटचा रंगीत किंवा पांढुरका थर असतो, त्याचाही जवळून फोटो हवा. पैसे देऊन दुरुस्ती केली असेल तर जुना भाग मागून घ्या.

गाडीच्या संगणकात साठलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचा रिपोर्टही मागा. कोड पुसण्याआधीच छापून घ्यायला हवा, हे विसरू नका. पी ०२१७ म्हणजे इंजिनचं तापमान मर्यादेबाहेर गेलं, पी ०४८० म्हणजे फॅनच्या कंट्रोल सर्किटमध्ये बिघाड, पी ०१२८ आला तर थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं कूलंट अडवणारी-सोडणारी झडप) उघडाच राहत असल्याचा संशय घ्यायचा. काही गाड्यांमध्ये कोडबरोबर त्या क्षणाचा वेग, आरपीएम आणि कूलंटचं तापमानही साठवलेलं असतं. तुमच्या सांगण्याला यासारखा दुसरा आधार नाही.

प्रश्न : काटा शेवटपर्यंत मध्यावर होता, तरी हेड वाकलं. कंपनी म्हणते, ‘चालकाने लक्ष दिलं नाही.’ असं होऊ शकतं का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : होऊ शकतं. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. कूलंट झपाट्याने निघून गेलं की त्याच्याभोवती हवा किंवा वाफ उरते, आणि तो प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवू शकतो. त्यात अनेक गाड्यांचा काटा मुद्दामच एका पट्ट्यात स्थिर राहील असा बसवलेला असतो. त्याच वेळी अॅल्युमिनियमचं हेड वाकत असतं. पातळी दाखवणारा वेगळा सेन्सर गाडीत नसेल तर चालकाला इशारा मिळायचा मार्गच उरत नाही. तक्रारीत ‘इशारा मिळाला नाही’ हे ठळकपणे लिहा.

हे कल्पनेतलं नाही. मार्च २०१७ मध्ये फोर्डने अमेरिकेत एस्केप, फिएस्टा एसटी, फ्यूजन आणि ट्रान्झिट कनेक्ट या मॉडेलांच्या १.६ लिटर टर्बो इंजिनाच्या दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. कूलंट पुरेसं फिरलं नाही तर हेड तापून तडा जाई, त्यातून तेल गरम भागावर पडे आणि आग लागे. उपाय म्हणून कूलंटच्या पातळीचा सेन्सर बसवला गेला. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत याच इंजिनाच्या ४,५५६ कुगा गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला, आणि तिथे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यात लक्ष घातलं होतं.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याच्या गाडीच्या रेडिएटर फॅनचं पातं तुटून उडालं. तिथे तक्रार कोण घेतं? किती तक्रारी लागतात? — एक वाचक, ठाणे

उत्तर : तिथे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन, म्हणजे ‘नित्सा’. संकेतस्थळावर किंवा ८८८-३२७-४२३६ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. १७ अक्षर-अंकांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, अचूक द्यायचा. तो विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात, चालकाच्या बाजूला दिसतो. तक्रारींचा ठरावीक आकडा तिथे नाही. सुरक्षेशी संबंधित दोषांची जी उदाहरणं नित्सा देते, त्यांत इंजिन कूलिंग फॅनचं पातं अचानक तुटून गाडीवर काम करणाऱ्याला इजा होणं हे स्पष्ट आहे. एसी नीट न चालणं मात्र त्यात बसत नाही. दुरुस्तीच्या पावत्या जपून ठेवायला सांगा. पुढे रिकॉल झाला तर आधी केलेला खर्च परत मागता येतो.

प्रश्न : पोर्टलवर तक्रार केली तर माझे हेड गॅस्केटचे पैसे परत मिळतील का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्या तक्रारीने लगेच नाही. तो मार्ग सगळ्या मालकांच्या सुरक्षेसाठी आहे. पैशांसाठी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि कंपनीशी ईमेल करण्यात ती बघता बघता सरते. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू ठेवायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : बाहेरून सीएनजी किट बसवलं आहे. तरी तक्रार करावी का? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : करा, पण किट कधी बसवलं आणि कूलंटच्या पाइपला कुठे जोड दिला, ते आधीच लिहा. सीएनजीचा दाब कमी करणारा रिड्यूसर गरम ठेवायला बहुतेक किटमध्ये कूलंटची लाइन त्यात वळवतात. गळती त्याच जोडावर असेल तर तो कंपनीचा दोष नाही, किट बसवणाऱ्याकडे जा. इंजिन पूर्ण थंड असतानाच त्या दोन क्लिपा तपासा. रेडिएटरच्या फॅनपासून हात दूर ठेवा, चावी बंद असतानाही तो सुरू होऊ शकतो.