प्रसूतीच्या पुस्तकात गर्भाचा ‘ॲटिट्यूड’ म्हणतात. त्याचा मानसशास्त्रातील ‘ॲटिट्यूड’शी काही संबंध आहे का?

अर्थाने नाही, शब्दाच्या उगमाने आहे. प्रसूतिशास्त्रात ॲटिट्यूड म्हणजे गर्भाच्या अवयवांची एकमेकांच्या संदर्भातील ठेवण. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ वाकलेली, हातपाय दुमडून पोटाशी घेतलेले, ही त्याची सर्वसाधारण अवस्था. हा तपशील केवळ वर्णनापुरता नसतो: मान नीट दुमडलेली असेल तर डोक्याचा सुमारे ९.५ सेंटिमीटरचा व्यास जन्ममार्गात पुढे येतो, पण मान अर्धवट मागे जाऊन कपाळ पुढे आले की पुढे येणारा व्यास १३ सेंटिमीटरांच्या वर जातो आणि नैसर्गिक प्रसूती बहुधा अडते. मानसशास्त्रातील ॲटिट्यूडला मराठी पाठ्यपुस्तके ‘अभिवृत्ती’ म्हणतात. एखाद्या व्यक्तीकडे, वस्तूकडे वा विचाराकडे अनुकूल किंवा प्रतिकूल दृष्टीने पाहण्याचा तो बऱ्यापैकी टिकाऊ कल असतो. मूळ शब्द चित्र-शिल्पकलेतला, आकृतीची शरीरमुद्रा सांगणारा. पुढे तो शरीराच्या ठेवणीवरून मनाच्या ठेवणीकडे सरकला, प्रसूतिशास्त्राने मात्र जुनाच अर्थ राखला. (‘त्याला फार ॲटिट्यूड आहे’ हा बोलण्यातला तिसराच प्रकार.) एवढे खरे की अभिवृत्तीवरून वर्तनाचा अंदाज बांधताना सावध असावे: अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ला पिएर यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका चिनी जोडप्यासह अमेरिकेत फिरताना गाठलेल्या २५१ हॉटेले व उपाहारगृहांपैकी एकानेच त्यांना नाकारले, तरी नंतर पत्राने विचारल्यावर, उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिकांनी चिनी पाहुणे घेणार नाही असेच कळवले.