ग्लँड आवळण्याआधी

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत नवीन लागलास ना, मग पहिली गोष्ट ही: गळणारा व्हॉल्व्ह दिसला की पाना घेऊन धावू नको. आत काय वाहतंय, किती दाबानं, किती तापमानाला, ते आधी विचार. ॲसिडची लाइन बंद करून, दाब उतरवून, निचरा झाल्यावरच हात घाल. नागपूरच्या मे महिन्यात फेस शील्ड आणि हातमोजे नकोसे होतात, तरी घालायचेच.

पॅकिंग म्हणजे व्हॉल्व्हच्या स्पिंडलभोवती, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याभोवती, गळती थांबवायला भरलेल्या रिंगा; त्यांना वरून दाबून धरतो तो ग्लँड. टेफ्लॉनचं पॅकिंग जवळपास सगळ्या रसायनांना पुरतं, साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत. पण दाबाखाली ते हळूहळू सरकतं, म्हणून बसवल्यावर पुन्हा तपासावं लागतं. ग्राफाइट उष्णतेला भारी, मात्र तीव्र नायट्रिक ॲसिडला चालत नाही. रबराच्या सीलमध्ये तर लोक हमखास फसतात. ईपीडीएम नावाचं रबर कॉस्टिक सोड्याला उत्तम, पण तेलात फुगतं. व्हायटॉन हे दुसरं रबर तेलाला चांगलं, ॲसिटोनमध्ये त्याची वाट लागते. "काळं रबर आहे ना, चालतंय" म्हणणाऱ्या स्टोअरवाल्याचं ऐकू नको भाऊ, दिसायला दोन्ही सारखीच.

जुनं पॅकिंग पूर्ण काढ. रिंगा तिरप्या काप, सांधे एकावर एक येऊ देऊ नको, नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळ. स्पिंडलवर ओरखडे असतील तर नवं पॅकिंगही टिकणार नाही.

औषधाच्या किंवा दुधाच्या लाइनला ग्लँडवाला व्हॉल्व्ह मला पटतच नाही. तिथं डायफ्रॅम व्हॉल्व्ह बरा; त्यातल्या लवचीक पडद्यामुळं, म्हणजे डायफ्रॅममुळं, द्रव स्पिंडलपर्यंत पोचत नाही, सफाईही सोपी. डायफ्रॅम मात्र ठरल्या वेळी बदलायचा, फाटायची वाट बघायची नाही.